जंताचं औषध म्हणजे लस नव्हे. जनावरांना कधी, कसं पाजायचं?

राधानगरी : ‘जनावराला जंताची लस पाजली’ असं गावात बोललं जातं. पण ती लस नव्हे, औषध आहे. घटसर्प-फऱ्याची लस टोचली की काही महिने संरक्षण मिळतं. जंताचं औषध पोटातले जंत मारतं. जनावर पुन्हा चरायला गेलं की पुन्हा लागण होते.

आपल्याकडं पाऊस जास्त, भातखाचरं, ओढ्याकाठची चराई. तिथल्या गोगलगाईतून चपटे कृमी गवतावर येतात आणि जनावराच्या यकृतात जातात. जबड्याखाली सूज, पातळ शेण, दूध कमी ही लक्षणं. प्रत्येक औषध या कृमीवर चालत नाही, म्हणून आधी शेण तपासून घ्या.

- रेडकाला म्हशीच्या दुधातूनच जंत जातात. पहिला डोस दहा ते पंधरा दिवसांचं असताना द्या.
- गाभण जनावराला डॉक्टरांना विचारूनच औषध द्या. अल्बेंडाझोलनं सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाला धोका असतो.
- डोस वजनावर ठरतो. अंदाजे कमी पाजलं तर जंत औषधाला दाद देत नाहीत.
- पाजताना तोंड फार वर करू नका, जीभ ओढू नका. औषध फुप्फुसात गेलं तर जनावर दगावतं.

पावसाळ्यापूर्वीची लस टोचण्याआधी आठ-दहा दिवस जंताचं औषध पाजलेलं चांगलं. अडचण आली तर १९६२ वर फोन करा.