डबल बेस आणि पियानो: हे संगीत मोबाईलच्या स्पीकरवर अर्धंच का ऐकू येतं?

डबल बेस आणि पियानोसाठी लिहिलेली रचना मोबाईलवर लावली आणि 'यात तर फक्त पियानोच ऐकू येतोय' असं वाटलं, तर दोष तुमच्या कानांचा नाही. या संगीताचा पाया ज्या खर्जात आहे, तिथपर्यंत मोबाईलचा स्पीकर पोहोचतच नाही.

आवाज जातो कुठे?

डबल बेस हे पाश्चात्त्य वाद्यवृंदातलं गजाने वाजवायचं सर्वांत मोठं तंतुवाद्य. उंची साधारण सहा फूट. वादक उभं राहून किंवा उंच स्टुलावर बसून ते वाजवतो. चार तारांपैकी सर्वांत खालची तार मोकळी वाजवली की सेकंदाला सुमारे ४१ कंपनं होतात, म्हणजेच ४१ हर्ट्झ. मोबाईलचे बहुतेक स्पीकर मात्र २०० हर्ट्झच्या खाली फारच क्षीण होतात.

तरीही सूर ओळखू येतो, कारण मूळ सुराबरोबर त्याचे वरचे उपस्वरही निघतात आणि त्यांवरून मेंदू मूळ सुराचा अंदाज बांधतो. पण आवाजाचं वजन हरवतं. त्यामुळे पहिली अट एकच: बऱ्यापैकी हेडफोन किंवा मोठा स्पीकर.

या जोडीसाठी लिहिणं अवघड का?

डबल बेस बराच काळ वाद्यवृंदाच्या मागच्या रांगेतला साथीदार राहिला. त्याला पियानोसमोर आणलं की वेगळीच अडचण येते. पियानोचा सर्वांत खालचा सूर २७.५ हर्ट्झचा, म्हणजे बेसच्याही खालचा. पियानिस्टचा डावा हात खालच्या पट्ट्यांवर घुमत राहिला, तर बेस त्यात बुडून जातो.

म्हणून संगीतकार पियानोचे सूर विरळ ठेवतात, त्याला वरच्या सप्तकांत नेतात किंवा बेसलाच वर चढवतात. एकल वादनासाठी अनेक वादक चारही तारा एक पूर्ण स्वर वर लावतात. त्यामुळे आवाज अधिक उजळ होतो.

सुरुवात कुठून करायची?

आर्वो पेर्त, 'श्पीगेल इम श्पीगेल' (१९७८): नावाचा अर्थ 'आरशातला आरसा'. मूळ रचना व्हायोलिन आणि पियानोसाठी, पण ती डबल बेसवरही वाजवली जाते. पियानो संथपणे एकेक सूर टाकतो आणि बेस लांब सूर धरून ठेवतो. नवख्या श्रोत्यासाठी सर्वांत सोपी.

पाउल हिंडेमिट, सोनाटा (१९४९): वाद्यवृंदातल्या जवळपास प्रत्येक वाद्यासाठी सोनाटा लिहिणारा हा जर्मन संगीतकार तेव्हा अमेरिकेत येल विद्यापीठात शिकवत होता. सोनाट्याचे तीन भाग आहेत. तिसरा आधी अतिशय संथ चालतो, मग बेस बोलल्यासारखा वाजतो आणि शेवट गाण्यासारखा होतो. पियानो बेसला जागा कशी करून देतो, ते इथे छान कळतं.

सोफिया गुबायदुलिना, सोनाटा (१९७५): सोव्हिएत काळातली ही रचना. यात गुणगुणण्याजोगी चाल शोधलीत तर निराशा होईल. इथे आवाजाचा पोत ऐकायचा. ही शेवटी ठेवा.

ऐकताना लक्ष कशाकडे द्यायचं?

- बेस गजाने वाजतोय की बोटांनी तार छेडून?
- या क्षणी खाली कोण आहे, बेस की पियानो? जागा कधी बदलतात?
- गजाचा सूर वादक हवा तितका वेळ टिकवू शकतो, फुगवू शकतो. पियानोचा सूर वाजताक्षणी विरू लागतो. हा फरक कानात बसला की दोन वाद्यांतला संवाद उलगडू लागतो.

प्रत्यक्ष ऐकायचं असेल तर?

मुंबईत एनसीपीएमध्ये २००६ साली 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' सुरू झाला. त्याच्या मैफलीत डबल बेसची रांग समोर दिसते. सभागृहात हा खर्ज कानांइतकाच छातीत आणि खुर्चीतही जाणवतो. हेडफोन कितीही चांगला असला, तरी तो अनुभव त्यातून मिळत नाही.