क्लुसियस नावाचे झाड

पणजीच्या म्युनिसिपल गार्डनला गार्सिया द ओर्ताचे नाव आहे, हे आपण जाणतो. पण त्याच्या ग्रंथाशी नाते असलेली आणखी दोन नावे हॉलंडमध्ये एल्म वृक्षांच्या जातींना दिलेली आहेत, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

एल्म हा युरोपात रस्त्यांच्या आणि कालव्यांच्या कडेला लावला जाणारा उंच वृक्ष. पहिल्या महायुद्धानंतर तो जागोजागी वाळू लागला. हॉलंडमध्ये योहाना वेस्टरडाइक यांच्या प्रयोगशाळेत बिया श्वार्ट्झ हिने १९२२ साली त्यामागची बुरशी शोधून काढली. सालीखाली वाढणारे भुंगेरे ही बुरशी झाडोझाडी नेतात. ती खोडात शिरली की पाणी वाहणाऱ्या नलिका तुंबतात आणि झाड उभ्याउभ्या वाळते. शोध डच लोकांनी लावला म्हणून रोगालाच ‘डच एल्म रोग’ हे नाव चिकटले!

मग रोगाला दाद न देणाऱ्या जातींचा शोध सुरू झाला. पहिल्या जातीला क्रिस्टीन बॉइसमन या संशोधिकेचे नाव दिले. पण ती दुसऱ्याच एका बुरशीला बळी पडू लागली. पुढे आपल्या हिमालयातल्या एल्मशी संकर करून ‘लोबेल’, ‘डोडुन्स’, ‘प्लांटिन’ (१९७३) आणि ‘क्लुसियस’ (१९८३) या जाती तयार झाल्या.

यातला क्लुसियस कोण? ओर्ताचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. क्लुसियसने तो लॅटिनमध्ये संक्षेपाने आणला आणि अँटवर्पच्या प्लांटिन या मुद्रकाने १५६७ साली छापला. इकडे ओर्ता १५६८ साली वारला आणि १५८० साली इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. ग्रंथ मात्र तोवर युरोपभर रुजला होता.

‘प्रतिकारक’ म्हणजे अमर नव्हे. १९७०च्या सुमारास अधिक जहाल बुरशी आली आणि एकट्या ब्रिटनमध्ये अडीच कोटींहून अधिक एल्म गेले. नव्या जातींतलीही काही झाडे तिला बळी पडली. म्हणून हे काम आजही संपलेले नाही.

अशी निवडलेली जात आपल्या मानकुराद आंब्यासारखी कलमानेच टिकवावी लागते. आपल्या भाषेत लेखणीलाही कलमच म्हणतात. ओर्ताचा ग्रंथ जगभर पोचला तो क्लुसियसच्या अशाच एका कलमाने.