पांढऱ्या पुतळ्यांनी काय शिकवले? (थ्रेड)

१/ श्रावण लागला की मसुरे, मालवण, सावंतवाडीकडील गणेशशाळा गजबजतात. रंग चढण्यापूर्वी मूर्तीला पांढरा हात दिलेला असतो. त्या अवस्थेत तिच्यावर दिसतात फक्त उजेड आणि सावली. मुंबईत एकेकाळी चित्रकलेचे शिक्षण अशाच पांढऱ्या आकारांसमोर होत असे.

२/ सर जमशेटजी जीजीभाई स्कूल ऑफ आर्टची स्थापना १८५७ची. ब्रिटिश कलाशाळांच्या धर्तीवर तेथे ग्रीक-रोमन शिल्पांच्या प्लास्टरमधील प्रतिकृती ठेवल्या गेल्या. जिवंत माणूस रेखाटण्याआधी विद्यार्थ्याने त्यांच्यावर हात बसवायचा, असा क्रम होता.

३/ या क्रमामागे कारण होते. प्लास्टर हलत नाही, थकत नाही आणि त्याला रंग नसतो. एका बाजूने उजेड सोडला की केवळ छायाप्रकाशाचा अभ्यास उरतो.

४/ प्रथम ओळंबा धरून पुतळ्याचा कल आणि प्रमाण ताडायचे. मग डोळे किलकिले करून सावलीचे मोठे आकार कोळशाने भरायचे. करड्या कागदावर काम असेल तर मधली छटा कागदच देतो. पांढरा खडू केवळ उजेडाच्या जागी. कोळसा आणि खडू एकमेकांत मिसळले की चित्र मळकट होते. चुकलेला कोळसा पावाच्या मऊ गराने टिपला जाई.

५/ पण सौंदर्याचे माप ग्रीक देवतांनीच का ठरवावे? १८९६ साली कलकत्त्याच्या कलाशाळेची सूत्रे घेतलेल्या ई. बी. हॅवेल यांनी यूरोपीय नमुन्यांऐवजी भारतीय कलेवर भर दिला. गंमत अशी, की त्याला विरोध विद्यार्थ्यांनीच केला.

६/ त्याच सुमारास मुंबईच्या शाळेत शिकलेल्या गणपतराव म्हात्रे यांनी ‘मंदिरपथगामिनी’ घडवली. माध्यम तेच, प्लास्टर. देह अभ्यासलेला, पाश्चात्त्य शिस्तीचा. मात्र समोर उभी राहिली ती नऊवारी नेसून देवळाकडे निघालेली मराठी तरुणी.

७/ सावळाराम हळदणकर यांचा जन्म १८८२ साली सावंतवाडीचा. तेही याच शाळेत घडले आणि १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील त्यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगचित्र प्रसिद्ध आहे. हातातील दिव्याला स्त्रीने तळव्याचा आडोसा केला आहे. बोटांच्या कडा उजेडाने तांबूस झाल्या आहेत.

८/ जलरंगात उजेड कागदाचाच असतो. तो आधी ओळखून राखावा लागतो. करड्या कागदावरील कोळशाचे कामही हेच शिकवते: कोठे हात लावायचा नाही. वसाहतीच्या शाळेने नमुने लादले, हे खरे. पण त्यांच्यासमोर बसून कमावलेली नजर कोणाच्या चित्रणासाठी वापरायची, हे म्हात्रे आणि हळदणकर यांनी स्वतः ठरवले.