बालाघाट कोणी वसविले?

गावाचा जन्मदिवस असावा, ही कल्पना आपल्याकडील खेड्यापाड्यांना परिचित नाही. गाव केव्हा वसले असे विचारले, तर गावातील वृद्ध ‘पूर्वापार आहे’ एवढेच उत्तर देतात. दक्षिण अमेरिकेतील स्पॅनिश शहरांची गोष्ट निराळी आहे. लिमा शहर फ्रान्सिस्को पिझारोने १८ जानेवारी १५३५ रोजी वसविले आणि सांतियागो पेद्रो दे वाल्दिव्हियाने १२ फेब्रुवारी १५४१ रोजी, असे तेथील शाळकरी मुलेही सांगू शकतात. परंतु पिझारो येण्यापूर्वी रिमाक नदीच्या त्या काठी तौलिचुस्को नावाच्या स्थानिक प्रमुखाचा अंमल होता, कालवे होते, पिकती शेते होती. मग पिझारोने वसविले ते काय? लिमाच्या मुख्य चौकालगतचा त्याचा अश्वारूढ पुतळा २००३ साली हलविण्यात आला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्या परिसरात पुन्हा उभा करण्यात आला. यावरून तो वाद अद्याप मिटलेला नाही, हे उघड होते.

असाच प्रश्न महाराष्ट्राच्या ईशान्य सीमेला लागून असलेल्या बालाघाटच्या बाबतीतही विचारता येतो. येथे कोणी विजयी सेनानी घोड्यावरून आला नाही. येथे आला तो सरकारी हुकूम. १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला आणि १८६७ ते १८७३ या अवधीत भंडारा, मंडला व शिवनी या तीन जिल्ह्यांचे लचके एकत्र जोडून बालाघाट जिल्हा तयार करण्यात आला. मराठवाड्यातील बालाघाटच्या डोंगररांगेशी ह्या जिल्ह्याचा संबंध नाही. ‘बाला’ म्हणजे वरचा आणि बालाघाट म्हणजे घाटावरचा मुलूख. ही शब्दयोजना जुन्या वऱ्हाडातही होती. गंमत अशी की, ज्या गावी जिल्ह्याची कचेरी थाटण्यात आली ते वैनगंगेच्या खोऱ्यातले, घाटाखालचे. त्याचे नाव बूढा. कागदोपत्री जिल्ह्याचे असलेले नाव हळूहळू गावाला चिकटले आणि बूढा हे नाव मागे पडले. घाटाखालच्या गावाला घाटावरचे नाव मिळाले, कारण नव्या राज्यकर्त्यांचे सारे लक्ष घाटावर होते.

वस्तुतः ह्या प्रदेशाला इतिहास नव्हता असे नाही. वैनगंगेच्या पश्चिमेचा भाग देवगडच्या गोंड राज्यात आणि पूर्वेचा भाग गढा-मंडल्याच्या गोंड राज्यात मोडत असे. १७४३ साली देवगड नागपूरकर भोसल्यांच्या हाती आले आणि १७९८ पर्यंत मंडल्याकडील मुलूखही त्यांच्याकडे गेला. लांजीचा किल्ला ह्या जुन्या सत्तांची साक्ष देत आजही उभा आहे. १८५३ साली तिसऱ्या रघूजींचे निपुत्रिक निधन झाले, लॉर्ड डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले, आणि त्याबरोबर वैनगंगेचे खोरेही इंग्रजांच्या अमलाखाली आले.

खोऱ्यात भाताची शेती आणि दाट वस्ती होती. घाटावरचा बैहर-परसवाड्याचा प्रदेश मात्र इंग्रज अधिकाऱ्यांना निर्मनुष्य अरण्य वाटला. जुन्या गॅझेटियरांत असे नमूद आहे की, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा भाग दुर्गम व ओसाड होता आणि लछमन नाईक नावाच्या पोवाराने परसवाड्याच्या पठारावर पहिली गावे वसविली. पुढे ह्या गावांची संख्या तीस झाली. परंतु ही माहिती देणाराच पुढे सांगतो की, ह्याच भागात घडीव दगडांचे एक सुंदर प्राचीन मंदिर आहे आणि ते एखाद्या लुप्त संस्कृतीचे द्योतक असावे. ज्या अरण्यात घडीव दगडांचे मंदिर होते, तेथे ‘पहिले गाव’ एकोणिसाव्या शतकात कसे वसले, हा विरोध त्याला खटकला नाही. त्याच्या लेखी गाव म्हणजे नांगर, बांध आणि शेतसारा. हे तीन जेथे नाहीत तेथे मनुष्यवस्तीही नाही.

जिल्ह्याचा पहिला डेप्युटी कमिशनर कर्नल ब्लूमफील्ड याने लछमन नाइकाचेच कार्य सरकारी बळावर पुढे नेले. वैनगंगेच्या खोऱ्यातील पोवार शेतकऱ्यांना त्याने बैहर तहसिलीत येऊन वसण्यास उत्तेजन दिले. त्याची निवड अचूक होती. माळव्यातून नगरधनमार्गे आलेले हे लोक भोसल्यांच्या राज्यात स्थिरावले होते. तळे बांधणे, पाट काढणे आणि धानाचे पीक घेणे यांत त्यांचा हातखंडा. घाटावर आज दिसणाऱ्या बांध्या आणि तळी ह्यांच्यामागे त्यांचे अपार कष्ट आहेत. संस्थापक म्हणून साहेबाचे नाव राहिले असले, तरी जमीन फोडणारे हात ह्या कुणब्यांचे होते, हे विसरता येत नाही.

पण त्या जमिनीवर आधीपासून कोणी राहत होते काय? गोंड राहत होते आणि त्यांच्या शेजारी बैगा राहत होते. बैगा नांगर धरीत नसत. जंगलाचा एक तुकडा तोडायचा, वाळलेली लाकडे जाळायची, त्या राखेत कोदो-कुटकी पेरायची आणि जमीन थकली की पुढचा तुकडा घ्यायचा, ही त्यांची बेवर शेती. भूमी ही माता आहे आणि नांगराने तिची छाती फाडणे हे पाप आहे, अशी त्यांची श्रद्धा. सरकारच्या हिशेबी मात्र बेवर म्हणजे साल आणि सागवान यांची राखरांगोळी. रेल्वेच्या स्लीपरांना लाकूड हवे होते आणि तिजोरीला सारा हवा होता. तेव्हा जंगले राखीव झाली, बेवरीवर बंदी आली आणि बैगाला नांगराकडे वळविण्याचे प्रयत्न सुरू झाले. १८९० साली मंडला जिल्ह्यात, आजच्या दिंडोरीत, ‘बैगा चक’ आखून देण्यात आला. बेवर करण्याची मुभा त्या मर्यादेपुरती उरली. ज्यांना जंगलाची सीमा ठाऊक नव्हती, त्यांच्याभोवतीच सीमा पडली.

येथे ब्लूमफील्डचे चरित्र अधिक विचार करावयास लावते. बैगांविषयी १८८५ साली टिपणांची पुस्तिका लिहिणारा अधिकारी तोच होता. व्हेरियर एल्विन यांचा ‘द बैगा’ हा ग्रंथ १९३९ साली निघाला, त्याच्या अर्धशतकापूर्वीची ही गोष्ट. म्हणजे बैगांचे अस्तित्व त्याला ठाऊक नव्हते असे म्हणण्यास जागा नाही. त्याने त्यांना पाहिले, त्यांच्या चालीरीती टिपून ठेवल्या, आणि तरीही त्यांच्या डोंगरावर नांगर आणणारी राजवट त्यानेच चालविली. क्रौर्यापेक्षा हे निराळे आहे. माणूस दिसत असूनही त्याचा हक्क न दिसणे, असे त्याचे वर्णन करता येईल.

पुढील शतकात ह्याच वृत्तीची पुनरावृत्ती झाली. १९०४ च्या सुमारास जबलपूर-गोंदिया अरुंद मापाची रेल्वे आली आणि भरवेलीच्या मँगनीजला बाजार मिळाला. १९५५ साली कान्हा हे राष्ट्रीय उद्यान झाले. १९७३ नंतर व्याघ्रप्रकल्पासाठी तेथील बैगा व गोंडांची गावे उठली. १९८२ साली मलाजखंडची तांब्याची खाण राष्ट्राला अर्पण झाली. यांतील प्रत्येक कार्याचे समर्थन करता येते. वाघ वाचला, तांबे मिळाले. परंतु प्रत्येक वेळी आरंभ एकाच गृहीतकाने झाला, ते म्हणजे डोंगर मोकळा आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा बदलल्या. नागपूर-भंडारा मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात गेले, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिले. वैनगंगा मात्र पूर्वीप्रमाणेच दोन्हींकडून वाहते, आणि पोवारी बोली मराठी-हिंदीच्या सांध्यावर बोलली जाते. १९०१ साली सव्वातीन लाख असलेली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये सतरा लाखांवर गेली. वसविणाऱ्यांचा हेतू सफल झाला, हे कबूल केले पाहिजे.

तथापि बालाघाट कोणी वसविले, या प्रश्नाचे उत्तर एका नावात मावत नाही. जिल्हा ब्लूमफील्डच्या राजवटीत आकाराला आला, परसवाड्याची गावे लछमन नाइकाने उभी केली, बांध्या पोवारांनी घातल्या. ह्या सर्वांच्या आधी ज्याने त्या डोंगरात पेरणी केली आणि जिच्या खुणा राखेबरोबर वाऱ्यावर गेल्या, त्या बैगाच्या नावे एकाही गावाचा दाखला नाही. इतिहास लिहिणाऱ्याने निदान तेवढी नोंद करावी. वसाहतीचा जमाखर्च मांडताना कोण येऊन वसले याबरोबरच कोण उठले, हेही त्याच पानावर लिहिले, तरच तो हिशेब पुरा होईल.