औषध लागलं ती जागा

कुत्र्याच्या पिसवा मारायला माणसाने आजवर जे जे वापरलं, ते कुत्र्याच्या कातडीने सोसलं. शेवंतीच्या जातकुळीतल्या पायरेथ्रम फुलांची भुकटी त्यातल्या त्यात सौम्य, पण उन्हात तिचा जोर लवकर ओसरे. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आणि बीएचसीच्या पुडी आल्या. भारतात बीएचसीवर बंदी यायला १९९७ साल उजाडलं.

१९६०च्या दशकात अमेरिकेत पिसवांचा गळपट्टा निघाला. डायक्लोरव्हॉस हे कीटकनाशक प्लॅस्टिकमध्ये मुरवलेलं असे आणि त्याची वाफ हळूहळू बाहेर पडे. लोकांना सोय वाटली. पट्टा मात्र रात्रंदिवस मानेला घासत होता. काही कुत्र्यांच्या मानेभोवती लाल कडं उमटलं, केस गेले, जखमा झाल्या. १९७० मध्ये जॉर्ज मुलर या पशुत्वचारोगतज्ज्ञाने या त्वचादाहावर लिहिलं. कुत्रा मान खाजवतो म्हणजे पिसवा अजून आहेत, असं समजून पट्टा तसाच ठेवला की जखम चिघळणारच.

खरं तर जागाच पुष्कळ काही सांगते. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी बहुधा कमरेवर, शेपटीच्या बुडाशी, मांड्यांच्या मागे दिसते. औषधाचा त्रास सुरू होतो तो औषध लागलं तिथे.

१९९०च्या दशकात फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड ही कीटकनाशकं आली. आता दोन खांद्यांमधले केस बाजूला करून चार थेंब सोडले की काम झालं. पिसवांवर हा मोठाच विजय होता. तरी २००८ या एका वर्षात अशा थेंबांविषयी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेकडे सुमारे ४४ हजार तक्रारी पोचल्या: कुठे नुसती लाली आणि खाज, कुठे झटके, कुठे मृत्यूही. चौकशीत लहान चणीच्या कुत्र्यांना जास्त त्रास झाल्याचं दिसलं. वजनाचे गट अधिक काटेकोर करा, सूचना स्पष्ट छापा, असं कंपन्यांना सांगण्यात आलं.

सर्वांत बोलकी गोष्ट प्रोमेरिसची. मेटाफ्लुमिझोन आणि अमिट्राझ यांचं हे मिश्रण २००७ मध्ये अमेरिकी बाजारात आलं. मग पशुवैद्यांना खांद्यांमधल्या नेमक्या त्याच जागी पुवाचे फोड आणि जाड खपल्या दिसू लागल्या. सूक्ष्मदर्शकाखाली कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी एकमेकींपासून सुटलेल्या होत्या, पेम्फिगस या स्वप्रतिकार रोगात सुटतात तशा. २०११ मध्ये अशा २२ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींचे फोड थेंबाच्या जागेपुरतेच राहिले. इतरांचे औषध न लागलेल्या भागांवरही पसरले. त्याच वर्षी उत्पादन बंद करण्याचा निर्णय झाला.

हे उघडकीला आलं ते कुणीतरी फोडाची जागा आणि औषधाची तारीख यांचा मेळ घातला म्हणून. त्यामुळे घरच्या कुत्र्याला थेंब सोडल्यावर ती जागा लाल झाली, तर पट्टा असेल तो काढा, सौम्य साबणाने आणि कोमट पाण्याने औषध धुऊन टाका, त्याला चाटू देऊ नका आणि पशुवैद्याला फोन करा. परमेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध मांजराला तर कधीच लावू नका. मांजरासाठी ते जीवघेणं ठरतं. आणि रिकामं पाकीट फेकू नका. औषधाचं नाव, वजनाचा गट आणि बॅच क्रमांक डॉक्टरांना त्यावरूनच कळतो.