दहा माणसे की दीडशे?

मागच्या महिन्यात एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. दहावीला ती माझ्याकडे मराठी शिकली. पुढे इंजिनिअर झाली आणि आता पुण्यातल्या एका लहान स्टार्टअपमध्ये टीम लीड आहे. "सर, आम्ही चौघं आहोत, काम दोन महिने मागे पडलंय. मालक म्हणतात, आणखी सहा जण घे आणि वेळेत संपव. मला नको वाटतंय, पण का नको ते नीट सांगता येत नाही."

मी भाषेचा शिक्षक. प्रोग्रॅमिंगमधले मला ओ की ठो कळत नाही. पण इतिहास वाचायची खोड आहे, आणि हा प्रश्न ओळखीचा वाटला.

7 एप्रिल 1964 रोजी आयबीएम कंपनीने सिस्टिम 360 ही संगणकांची मालिका जाहीर केली. यंत्रे ठीक चालली होती, अडले ते सॉफ्टवेअरचे. ओएस 360 नावाची ही प्रणाली तयार करायची जबाबदारी फ्रेड ब्रुक्स यांच्यावर आली. वय जेमतेम 33. ऐन भरात या कामावर हजाराहून अधिक माणसे होती. तरी काम लांबले, खर्च वाढला.

त्यातला एक प्रसंग ब्रुक्स यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. प्रणाली कशी असावी याचा तपशीलवार आराखडा लिहायचा होता. रचना ठरवणाऱ्या गटाचा प्रमुख म्हणाला, माझ्याकडे दहा चांगली माणसे आहेत, दहा महिने लागतील. म्हणजे मुदतीपेक्षा तीन महिने जास्त. दुसऱ्या गटाच्या प्रमुखाकडे दीडशे माणसे होती. तो म्हणाला, आम्ही वेळेत करतो. शिवाय ते दहा जण लिहीत बसले तर माझी दीडशे माणसे इतके महिने करणार काय? पहिल्याने बजावले होते की तसे केलेत तरी तीन महिने उशीर होईलच, आणि काम निकृष्ट होईल. ब्रुक्स यांनी दीडशेंना काम दिले. उशीर तीन महिन्यांचाच झाला. एकसूत्रीपणा गेला तो वेगळाच. चुका शोधण्यात त्यामुळे वर्षभर जास्त गेले असावे, असा त्यांचा स्वतःचा अंदाज आहे.

हे वाचताना मला आमच्या शाळेचे हस्तलिखित आठवले. एका बाजूने उर्दू, दुसऱ्या बाजूने मराठी, दोन्ही मध्यावर भेटायचे. चार मुली सुरेख लिहीत होत्या, पण संथ. उद्‌घाटनाची तारीख जवळ आली तशी मी घाबरून आणखी आठ मुले बसवली. त्यांना समास किती सोडायचा, शीर्षक केवढे काढायचे, हे सांगण्यात त्या चौघींचेच दोन दिवस गेले. पाने मध्यावर भेटली नाहीत. मराठीची तीन पाने उरली. जुन्या उर्दू पुस्तकात मध्येच कातिब बदलला की नजर जशी अडखळते, तसे प्रत्येक पानावर होत होते. दोष मुलांचा नव्हता. माझा होता.

हिशेब सोपा आहे. चार जणांत आपसांत बोलण्याच्या जोड्या सहा होतात. दहा जणांत पंचेचाळीस. शिवाय नव्यांना शिकवणार कोण? आधीच मागे पडलेले तेच चौघे. उशीर झालेल्या कामावर माणसे वाढवली की उशीर आणखी वाढतो, हे ब्रुक्स यांचे सूत्र याच अनुभवातून आले. विहीर खणताना जास्त हात उपयोगी पडतात, पण तिथेही एका वेळी आत किती माणसे उतरणार?

ब्रुक्स आयबीएम सोडून नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात शिकवायला गेले. हार्डवेअरपेक्षा प्रोग्रॅमिंगचे व्यवस्थापन अवघड का, असे कंपनीप्रमुख टॉम वॉटसन यांनी त्यांना विचारले होते. त्याचे उशिरा दिलेले उत्तर म्हणून त्यांनी 1975 मध्ये 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहिले. मला त्याहून आवडते ती 1995 ची आवृत्ती. डेव्हिड पार्नास या संशोधकाचा एक विचार त्यांनी पूर्वी खोडून काढला होता. वीस वर्षांनी त्याच पुस्तकात त्यांनी लिहिले की पार्नास बरोबर होते आणि मी चूक. आपल्याकडे हेडमास्तरसुद्धा असे लिहून देत नाहीत.

हे सगळे मी तिला सांगितले. तिने मालकांपुढे सहा आणि पंचेचाळीसचा हिशेब मांडला. बरीच ओढाताण झाली. शेवटी एकच माणूस घेतला, दोन सोयी पुढच्या खेपेला ढकलल्या आणि तारीख तीन आठवडे पुढे नेली. मालक अजून नाराज आहेत. काम चालू आहे.