मराठाकालीन कापडी चिलखत : निर्मिती व आकलन

मराठ्यांच्या युद्धसाहित्याचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रथम तलवार, भाला, ढाल आणि लोखंडी कड्यांचे बख्तर यांकडे जाते. याचे कारण उघड आहे. लोखंड गंजले तरी उरते. कापूस उरत नाही. घाम, दमट हवा, कसर आणि उंदीर यांनी कापडी संरक्षक वस्त्रे नाहीशी केली आणि संग्रहालयांत प्रामुख्याने धातू राहिला. परिणामी जे टिकले तेच सर्रास वापरात होते, असा समज दृढ झाला. साताऱ्यास रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इतिहासात मात्र मराठा घोडेस्वाराच्या नेहमीच्या वेशात तंग विजार, हनुवटीखालून पेच घेतलेले पागोटे, कापूस घालून शिवलेला अंगरखा आणि कमरेचा शेला यांची नोंद आहे. या वेशात कड्यांचे बख्तर नाही.

शब्दांचा पुरावाही याच दिशेने जातो. ‘चिलता’ हा शब्द फारसी ‘चिहल’ म्हणजे चाळीस व ‘तह’ म्हणजे पदर यांपासून आलेला आहे. चाळीस ही संख्या येथे ‘पुष्कळ’ या अर्थी घ्यावयाची. ‘आईन-इ-अकबरी’तील शस्त्रागाराच्या यादीत ‘चिहिलकद’ व ‘अंगिरखा’ ही नावे येतात. मराठीतील ‘चिलखत’ या शब्दाचे त्यांतील पहिल्याशी नाते मानण्यास जागा आहे. तेव्हा बखरीत वा कागदपत्रांत ‘चिलखत’ शब्द दिसताच लोखंड डोळ्यांसमोर आणणे घाईचे ठरेल.

युरोपातही स्थिती वेगळी नव्हती. इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीच्या ११८१ च्या फर्मानात सामान्य नागरिकांसाठी लोखंडी टोपी व भाल्याबरोबर कापूस वा चिंध्या भरलेला डगलाच सांगितला आहे. पंधराव्या शतकात फ्रान्सच्या अकराव्या लुईने आपल्या सैनिकांसाठी पंचवीस ते तीस पदरी कापडाचा आणि वर हरणाच्या कातड्याचा डगला ठरवून दिला होता. तेथील ‘अ‍ॅक्टन’ हे वस्त्रनाम ‘अल्-कुत्न’ या अरबी शब्दावरून, म्हणजे कापसावरूनच पडले. मेक्सिकोत तर स्पॅनिश सैनिकांनी आपली पोलादी कवचे बाजूला ठेवून तेथील लोकांचे सुती कवच अंगी घातले.

असे वस्त्र कसे कार्य करते, हे केवळ वाचून उमगत नाही. ते शिवून पाहावे लागते. पिंजाऱ्याने पिंजलेला सैल कापूस दोन कापडांत भरला तर रजई होते. ती आघाताचा जोर पसरविते, पण धारेला फारशी अडवीत नाही. उलट घट्ट विणीच्या कापडाचे अनेक पदर एकावर एक ठेवून दाट धावदोऱ्याने शिवले, तर धार प्रत्येक पदराशी नव्याने झुंजते आणि धागे एकमेकांना धरून ठेवतात. गोधडी शिवणाऱ्या स्त्रीला हा धावदोरा परिचित आहे. फरक टाक्यांच्या ताणाचा व दाटीचा. टाके फार दाट घातले की वस्त्र फळीसारखे ताठ होते आणि हात वर होत नाही. विरळ घातले की पदर सरकतात. काखेत व कोपरात जाडी कमी ठेवावी लागते, आणि नेमकी तीच जागा उघडी पडते. निमुळत्या टोकाच्या खुपसण्यापुढे हे वस्त्र दुबळे ठरते, म्हणून ज्याला परवडे तो त्यावर लोखंडी कड्या चढवी. कड्या धार अडवीत. आतला कापूस धक्का सोशी. कापसाविना नुसत्या कड्यांखाली हाड मोडू शकते, याकडे बहुधा दुर्लक्ष होते. पावसाळ्यात मात्र हे वस्त्र पाणी पिऊन जड होते. जावळीच्या पावसात ही अडचण लहान नव्हे.

या दृष्टीने १० नोव्हेंबर १६५९ चा प्रतापगडाखालील प्रसंग पुन्हा वाचण्याजोगा आहे. पाचगणीच्या पायथ्याशी असलेल्या वाईतून अफजलखान घाट चढून जावळीत उतरला. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद शिवाजी महाराजांच्या अंगावर जरीची कुडती असल्याचे सांगतो, आणि खानाचे शस्त्र तिच्यावर खरखरले पण अंगास लागले नाही असे नमूद करतो. ग्रँट डफ सुती अंगरख्याखाली साखळ्यांचे चिलखत असल्याचे लिहितो. खरखरण्याचा उल्लेख धातू सुचवितो, हे खरे. परंतु दोन्ही वर्णनांत नजरेस पडणारे वस्त्र कापडाचेच आहे. त्याचीच दुसरी बाजू डफच्याच वर्णनात आहे : खानाच्या अंगावर पातळ मलमल होती. कापड दोघांच्याही अंगावर होते. एकाचे शोभेपुरते, दुसऱ्याचे खाली कवच लपविणारे.

डफच्या घराण्याकडून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेलेली वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी आली. ती प्रतापगडावरचीच, अशी खात्री खुद्द त्या संग्रहालयाने दिलेली नाही. तरीही त्यांची आखूड, वाकडी नखे पाहताना एक गोष्ट ध्यानात येते : असे शस्त्र मलमलीच्या एका पदरासमोर घातक आहे, दाट शिवलेल्या वीस पदरांसमोर त्याची लांबीच अपुरी पडली असती.